टोपी बाहेर, जोडे आत

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या आमच्या कारखान्यात कुणी युरोपला निघालं की त्याला रीतसर माझ्याकडे पाठवतात. निघतात हो आता लोक. जन्मभर पंपाचे सुटे भाग केलेली माणसं रिटायर होतात, नदीतल्या बोटीत बसून चार देश बघतात आणि परत आल्यावर तिथे पोहे कसे मिळत नाहीत तेवढंच सांगतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "भिया, तिथं चर्चमध्ये काय घालून जायचं?" मी सांगतो. खांदे झाकलेले पाहिजेत, गुडघे झाकलेले पाहिजेत. बायकांनी एक ओढणी पिशवीत ठेवावी, कुठे लागेल सांगता येत नाही. पुरुषांनी डोक्यावरचं काढायचं. जोडे काढायचे नाहीत, कितीही हात वळवळले तरी. एवढं सांगून मी थांबतो, कारण पुढचं सांगायला लागलो तर जेवणाची सुट्टी पुरत नाही.

पुढचं म्हणजे दाजी.

दाजी माझे घरमालक. रामबागेत त्यांचं दुमजली घर, वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचो. नाव लिहीत नाही. त्यांना ते छापलेलं आवडलं नसतं, आणि आवडलंच असतं तर सोबतचा फोटो कुठल्या कोटातला घेताय ते आधी विचारलं असतं. अंगात बंद गळ्याचा कोट, मे महिन्यातसुद्धा. डोक्यावर काळी टोपी, बारा महिने, तिन्ही त्रिकाळ. पाण्याच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, पण ते सगळं चुकून घडल्यासारखं सांगायचे. खरी ओळख आजोबांची. आजोबा संस्थानच्या दरबारात ड्योढीवर होते, म्हणजे दारावर. येणाऱ्याचा पोशाख दरबारी रिवाजाप्रमाणे आहे की नाही ते बघायचं आणि नसला तर परत पाठवायचं, हे त्यांचं काम. दरबार गेला, ड्योढी गेली, पण ती नजर नातवात उतरली. दाजींनी ड्योढी आपल्या फाटकावर चालू ठेवली होती.

मी देपालपूरहून नोकरीसाठी आलो आणि रविवारी सकाळी खोली बघायला गेलो, तेव्हा बर्मुडा घालून गेलो होतो. रविवार होता यार! दाजी फाटकात उभे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, थेट गुडघ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "खोली बघायला आलात की पोहायला?"

"खोली बघायला."

"मग खोली बघण्याच्या कपड्यांत या."

असा राग आला की बस्स. पण खोली स्वस्त होती आणि मला गरज होती. मित्राच्या घरी जाऊन त्याची पँट घातली आणि परत आलो. ती पँट मला कमरेत एवढी ढिली होती की एका हातानं धरून जिना चढलो. दाजी प्रसन्न झाले. म्हणाले, "आता कसं. जागा बघून माणूस दिसला पाहिजे." हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की माझ्या बायकोशी भांडतानाही तोंडातून निघून जायचं.

त्यांच्या बैठकीत दाराशेजारी पत्र्याचा एक डबा होता. एके काळी त्यात लाडू असायचे म्हणे, आता टोप्या होत्या. गणपतीच्या आरतीला किंवा सत्यनारायणाला कुणी बोडका आला की दाजी न बोलता डबा उघडायचे आणि त्याच्यापुढे धरायचे. लहान डोक्याची, मोठ्या डोक्याची, सगळ्या मापाच्या होत्या. समोरचे गुप्ताजी, गल्लीतले बँकेतले साहेब, सगळे मुकाट्यानं एकेक उचलायचे आणि आरती झाली की परत टाकायचे. तोकड्या चड्डीत आलेल्या पोरांसाठी पंचे वेगळे. "देवापुढे बोडकं काय जायचं? घरात सुतक आहे का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

रात्री सराफ्यातली सोन्याची दुकानं मिटल्यावर तिथल्या ठेल्यांवर भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस खायला निघाले तरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत. मी एकदा म्हटलं, दाजी, अपन ठेल्यावर उभं राहून खाणार आहोत, कोट कशाला? तर म्हणाले, "आपण कीस खातो तो ज्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, ते दुकान सोन्याचं आहे. सोन्याचा मान ठेवावा." तिखट लागून डोळ्यांत पाणी यायचं, घाम कानांवरून वाहायचा, पण टोपी जागची हलायची नाही.

त्या टोपीखाली काय आहे हा गल्लीतला जुना वाद होता. कुणी म्हणे टक्कल, कुणी म्हणे शेंडी, कुणी म्हणे लहानपणी पडून झालेली खोक. न्हावी घरी यायचा आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. त्याला चहा पाजून विचारलं तरी बोलला नाही. अंगणात पाणी तापवून न्हायला जातानासुद्धा दाजी टोपी घालूनच मोरीत जायचे आणि घालूनच बाहेर यायचे. आत काय व्हायचं ते त्यांना आणि ताईला ठाऊक.

ताई म्हणजे दाजींची बायको. खरं तर तिच्यामुळेच ते दाजी. आधी मी त्यांना मालक म्हणायचो. ताईला भाऊ नव्हता, मूलबाळही नव्हतं. माझ्या पहिल्याच दिवाळीत तिनं मला खाली बोलावलं, पाटावर बसवलं आणि भाऊबीजेचं ओवाळलं. अर्थात आधी डब्यातली टोपी घालावी लागली. मग म्हणाली, "आजपासून मालक नाही म्हणायचं. दाजी म्हण. आणि मला अहो-जाहो केलंस तर जेवायला बोलावणार नाही." मी एकदा गमतीत जीजाजी म्हटलं तर दाजी दोन दिवस बोलले नाहीत.

ताई दाजींच्या अगदी उलट. बडबडी, हसरी, कसलंही कौतुक वाटणारी. म्हातारपणी तिच्या हातात मोबाइल आला आणि तिला युरोप सापडला. कांदे चिरता चिरता ती कुठल्या तरी नदीतून बोटीनं जात असायची. कुठल्या गावी कुठलं चर्च, त्यात काय घालून जायचं, काय घालून गेलं की दारावरून परत पाठवतात, सगळं तिला पाठ. दाजींना हे दारावरून परत पाठवणं फार आवडलं.

"म्हणजे तिथेही ड्योढी आहे म्हणायची," ते पेपर खाली ठेवून म्हणाले.

"आहे ना. खांदे उघडे असले तर दारावरच ओढणी देतात."

"टोप्यांच्या डब्यासारखं!"

"अगदी तसंच."

"वा! मग ही माणसं आपल्यातलीच की."

त्या एका गोष्टीवर दाजी युरोपला जायला तयार झाले. आता बोला! लोक बर्फ बघायला जातात, हे ड्योढी बघायला निघाले. ताईनं इंदूरच्याच एका टूरवाल्याकडे दोघांचं बुकिंग करून टाकलं, स्वतःला एक पंजाबी ड्रेस शिवला, जन्मातला पहिला, आणि त्यावर निळी ओढणी घेतली. खास चर्चसाठी. दाजींनी ड्रेसकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जागा बघून ठीक आहे." ताईनं ही गोष्ट सगळ्या रामबागेत सांगितली.

आणि मग घोडं अडलं. एका संध्याकाळी ताई फोनवर बघता बघता म्हणाली, "अहो, पुरुषांना आत टोपी काढावी लागते हं."

दाजींना वाटलं ती थट्टा करतेय. तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. खरंच, बोटीतून उतरलेला प्रत्येक बाप्या आत जाताना डोक्यावरचं काढून हातात घेत होता.

"आणि जोडे?"

"जोडे असू देतात."

"पायातलं देवापुढे न्यायचं आणि डोक्यावरचं काढायचं? ही तर उलटी गंगा झाली." दाजींचा आवाज चढला. "मी बाहेर उभा राहीन. तू आत जा, आणि काय पाहिलंस ते मला येऊन सांग."

"मी नाही सांगणार. तुम्ही आत यायचं." ताईनं फोन बाजूला ठेवला. एरवी हसत बोलायची, तेव्हा हसली नाही. "आपल्याकडे कुठल्याही देवळात जा, कीर्तनाला जा, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. संसाराला एवढी वर्षं झाली, देवापुढे तुमच्या शेजारी मी बसले ती फक्त पूजेत, ते पण गुरुजी सांगतील तेवढंच. तिथं बाकं असतात. जोडीनं बसतात लोक, नुसते, काही न करता. मला एकदा तसं बसायचंय तुमच्याजवळ. बस, इतकंच."

दाजींनी टोपी दोन्ही हातांनी नीट केली आणि पेपर उचलला. तो उलटा धरलेला होता हे मी पाहिलं.

त्या वादाचा निकाल लागायच्या आधीच ताई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेली तेव्हा मला म्हणाली, ओढणी इस्त्रीला टाकलीय, आणून ठेव. घरी परत आलीच नाही.

आपल्याकडे पुरुष माणूस बोडक्या डोक्यानं बाहेर दिसला की समजायचं, घरात कुणी तरी गेलंय. सुतकात डोक्यावर काही नसतं. बायको गेली असेल तर तेराव्याला तिच्या माहेरची माणसं येतात, नवी टोपी नवऱ्याच्या डोक्यावर ठेवतात, मग तो पुन्हा चारचौघांत जायला मोकळा होतो. इंदुरात हे सगळेच पाळतात, कुणाकडे पगडी बांधतात, कुणाकडे टोपी ठेवतात, एवढाच फरक. आणि हा रिवाज मला कुणी शिकवला असेल तर दाजींनीच. गल्लीत कुणी वारलं की तेच सांगायचे, कुणी काय घालायचं, काय काढायचं.

स्मशानात ते टोपी घालून उभे राहिले.

गुरुजी हळूच म्हणाले, टोपी. दाजी म्हणाले, "बाकी सांगाल ते सगळं करतो. टोपीचं बोलू नका." मी कानात सांगितलं, गुप्ताजींनी हिंदीत समजावलं, ऐकतील तर दाजी कसले! ज्या माणसानं जन्मभर इंदूरला जागा बघून कपडे घालायला लावले, त्यानं नेमक्या त्याच जागी रिवाज मोडला. गल्ली महिनाभर तेच चघळत होती. कुणी म्हणालं म्हातारा दगड आहे, कुणी म्हणालं सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार राग आला होता. माझी ताई गेली होती आणि हा माणूस टोपी सांभाळत होता.

तेराव्याला माहेरचा म्हणून मीच होतो. दुसरं कोण? राजवाड्याजवळून नवी काळी टोपी आणली, उपरणं आणलं, पाटासमोर उभा राहिलो. दाजींनी वर पाहून मला विचारलं, "जी उतरलीच नाही, तिच्यावर ठेवतोस काय?" चार माणसांत माझी मान खाली गेली. मी टोपी फडताळात ठेवली आणि वर निघून गेलो. आमचं बोलणं तुटल्यातच जमा झालं.

उन्हाळा आला तशी एके सकाळी दाजी जिना चढून वर आले. ते वर कधी येत नसत. कोटाची बटणं लावलेली. म्हणाले, "बोटीचं तिचं तिकीट आहे. नाव बदलून देतो म्हणतायत. तू चल."

माझी बायको आतून म्हणाली, "जा. एकटे कसे जातील ते?" मग मी गेलो. म्हणजे ताईच्या जागी, ताईच्या बिछान्यावर, त्या बोटीच्या खोलीत मी झोपायचो. दाजी रात्री टोपी घालून झोपतात हे मला तिथे कळलं.

नदी डॅन्यूब. पाणी संथ, दोन्हीकडे हिरवं, आणि प्रत्येक वळणावर चर्च. इंदुरात जितके पोह्यांचे ठेले तितकी तिकडे चर्चं, कसम से. आमचा ग्रुप सगळा माळव्यातला. नाश्त्याच्या टेबलावर इंदुरी सेवची पाकिटं फिरायची, आणि त्या फुगीर गोऱ्या ब्रेडवर लोक सेव भुरभुरवून खायचे. टूरवाल्या मॅडम इंदूरच्याच, गोड बोलायच्या, पण आम्ही त्यांच्या नाकी नऊ आणले.

पहिल्याच चर्चच्या दारात दाजींनी वाकून जोडे काढले आणि पायऱ्यांच्या कडेला जोडीनं लावून ठेवले. देवाचं दार म्हटल्यावर हात आपोआप गेले. त्यांचं बघून आमच्या ग्रुपमधल्या आणखी चौघा-पाचांनी काढले. दारावरचा माणूस त्या जोड्यांच्या रांगेकडे बघतच राहिला. मॅडम धावत आल्या, "अंकलजी, शूज पहनिए, कैप उतारिए!"

"उलटं झालं बाई तुमचं," दाजी त्यांना मराठीतच म्हणाले, आणि जोडे घालून पायरीवर बसून राहिले. बाकी सगळे आत गेले.

दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. बोट थांबायची, आम्ही उतरायचो, दाजी बंद गळ्याचा कोट घालून आमच्याबरोबर चर्चपर्यंत चालत यायचे आणि दारात थांबायचे. हातात एक कापडी पिशवी असायची. आत काय आहे ते मी विचारलं नाही, आमचं तेवढं बोलणं नव्हतं.

मग व्हिएन्नाला मी आतून बाहेर आलो तर बघतो काय, दाजी दाराशी ताठ उभे, आणि त्यांच्यासमोर एक उंच गोरी बाई, बिनबाह्यांच्या झग्यात. दाजींनी हात आडवा केला होता. ती इंग्रजीत काही तरी विचारत होती आणि दाजी तिला शांतपणे सांगत होते, "खांदे. मॅडम, खांदे. ऐसे नहीं जाते." तिला वाटलं हे चर्चचेच. त्या कोटात आणि टोपीत ते दिसतही तसेच होते, मी नवखा असतो तर मीही ऐकलं असतं. दाजींनी पिशवीत हात घातला आणि निळी ओढणी काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली, घरी टोप्यांचा डबा धरायचे तशीच. बाईनं ती खांद्यांवर घेतली, थँक यू म्हणाली आणि आत गेली.

इस्त्रीची घडी तशीच होती. मी ती ओढणी ओळखली.

ती बाहेर येईपर्यंत दाजी दारावरून हलले नाहीत. ओढणी परत मिळाल्यावर पहिल्या घडीवर घडी बसवून पिशवीत ठेवली. त्यानंतर तो उद्योगच झाला. पुढच्या प्रत्येक चर्चच्या दारात दाजींची ड्योढी. कुणाला ओढणी, कुणाला नुसता बोटानं इशारा, एका जपानी म्हाताऱ्याला तर शर्ट खोचायला लावला. दारावरची खरी माणसं हसून मान डोलवायची. आजोबांनी वरून पाहिलं असेल तर छाती फुगली असेल.

पण मला काही हसू येईना. बोटीचे दिवस संपत आले होते आणि हे आपले पायऱ्यांवर. ताईनं मागितलं होतं ते काय, एका बाकावर शेजारी बसणं. तेही द्यायचं नव्हतं तर आलात कशाला? शेवटच्या गावी, आमचं शेवटचं चर्च अगदी लहान, नदीच्या काठावर, तिथे ते पुन्हा दारात थांबले आणि माझा बांध फुटला.

"दाजी, पायऱ्याच बघायच्या होत्या तर राजवाड्यासमोर काय कमी आहेत का? सात समुद्र ओलांडून कशाला आलो आपण? ताकाला जाऊन भांडं काय लपवता? तुम्ही तिच्यासाठी आलात. मग जा ना आत! एक टोपी ती काय..."

"एक टोपी," दाजी म्हणाले. एवढंच. चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील.

तेवढ्यात गावातले दोन-तीन म्हातारे आले. साधी माणसं, काठ्या टेकत. दारात थांबले, डोक्यावरच्या टोप्या काढल्या, आणि बोडक्यानं आत गेले. दाजी त्यांच्याकडे निरखून बघत होते. मागून मॅडम आल्या तर त्यांना हळूच विचारलं, "यहाँ कौन गुजर गया?"

मॅडमना कळेना. "कोई नहीं, अंकलजी. क्यों?"

"मग हे गावचेच लोक बोडके? हर गाँव में देख रहा हूँ. म्हातारे, तरणे, सगळे."

"ये तो रोज का है, अंकलजी. रोज ऐसे ही जाते हैं."

इतके दिवस हा माणूस समजत होता की टोपी काढायचा नियम आमच्यासारख्या पाहुण्यांना, आणि गावचेच लोक बोडके जातात म्हणजे प्रत्येक गावात त्या दिवशी कुणी तरी गेलंय! आणि म्हणून प्रत्येक दारात इतक्या अदबीनं उभा राहत होता. मी कपाळाला हात लावणार होतो. पण दाजींचा चेहरा बघून हात तिथंच राहिला.

"रोजचं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे इथं बोडकं दिसलं तर कुणी विचारत नाही, कोण गेलं म्हणून?"

"नाही विचारत."

"रामबागेत विचारलं असतं रे. फाटकातून बाहेर पडलो असतो की दूधवाल्यानं विचारलं असतं, भाजीवालीनं विचारलं असतं. मला सांगावं लागलं असतं. दहा वेळा, वीस वेळा. ती गेली, ती गेली. टोपी होती तोवर मला काही सांगावं लागत नव्हतं." त्यांनी टोपीची कड चाचपली. "माझ्या तोंडानं मला ते म्हणायचं नव्हतं. दगड म्हणाले मला लोक, तूही म्हणाला असशील. म्हण. पण मला म्हणता येत नव्हतं."

माझा सगळा राग पायरीवरच राहिला.

दाजींनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली.

टक्कल नव्हतं, शेंडी नव्हती, खोक नव्हती. चांगले दाट पांढरे केस होते, बसून बसून चपटे झालेले. कपाळावर मधोमध आडवी रेघ. रेघेखाली इंदूरच्या उन्हानं रापलेला म्हातारा आणि रेघेवर तान्ह्या पोरासारखं गोरं कपाळ. इतकी वर्षं गल्लीनं पैजा लावल्या त्या साध्या केसांसाठी. मला ते बघवेना, कुणाला उघडं पाहिल्यासारखं वाटलं.

ते आत गेले. जोडे पायातच, टोपी हातात. मागून दुसऱ्या बाकावर बसले, बसले आणि जरासे डावीकडे सरकले. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते ना, तेवढी जागा त्यांनी उजवीकडे सोडली. पिशवीतून ओढणी काढून त्या जागेवर ठेवली. मग नुसते बसले, काही न करता, तिनं सांगितलं होतं तसे. मी मागच्या बाकावर होतो. बऱ्याच वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. आसपासच्या बोडक्या म्हाताऱ्यांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही. मीही रडलो, सांगायला लाज कसली. बहीणच होती माझी.

बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. आत गेलेले म्हातारे एकेक करून बाहेर येत होते आणि दारातच टोप्या घालून आपापल्या वाटेनं जात होते. दाजी मात्र तसेच उभे राहिले. बोट सुटायची वेळ होत आली, मॅडम लांबून हात करत होत्या. मी म्हटलं, "दाजी, टोपी घाला. ऊन आहे."

"आपल्या हातानं नाही घालत," ते म्हणाले.

जुनी टोपी त्यांनी पिशवीत ओढणीजवळ ठेवली. मग कोटाचं वरचं बटण काढलं. चारचौघांत ते बटण काढताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आतल्या खिशातून एक चपटी घडी घातलेली काळी टोपी बाहेर आली. कोरी. आत राजवाड्याजवळच्या दुकानाचा कागद तसाच होता. तेराव्याला मी फडताळात ठेवलेली तीच. इंदूरहून निघताना त्यांनी ती बरोबर घेतली होती, मला घेतलं तसंच.

"ठेव," ते म्हणाले आणि माझ्यापुढे मान वाकवली. "माहेरचा आहेस ना तिच्या."

मी टोपी उघडली. ती कशी तरी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांच्या पाया पडलो. वर बघतो तर टोपी चांगलीच वाकडी बसली होती, एका कानावर आलेली. मला वाटलं आता म्हणतील, जागा बघून माणूस दिसला पाहिजे.

दाजींनी हात वर नेला, टोपीला नुसता लावून बघितला आणि खाली घेतला. मग तशीच वाकडी टोपी घालून ते माझ्याबरोबर बोटीपर्यंत चालत आले.